मदत हवी आहे: मुलाने मागवलेलं पार्सल आणि एटीएफ (बंदुकांचे कायदे राबवणारं अमेरिकेचं केंद्रीय खातं)

नमस्कार मंडळी,

टेक्सासमधलं किंवा इथल्या कायद्यातलं कळणारं कुणी असेल तर कृपया वाचा. थोडं लांबलंय.

आम्ही सॅन अँटोनिओजवळ राहतो. लेक १९ वर्षांचा, कॉलेजात. तिघांचंही ग्रीन कार्ड. नागरिकत्वाचा अर्ज 'पुढच्या वर्षी भरू' करत राहिलाय. गेल्या वर्षी त्याने रीतसर फॉर्म भरून पॉइंट टू टू रायफल घेतली. रेंजवर मीही दोनदा गेलो. खोटं कशाला बोलू, मजा आली.

परवा त्याच्या नावाचं पार्सल आलं. टॉर्चएवढी काळी अ‍ॅल्युमिनियमची नळी, आत एकात एक बसणाऱ्या वाट्या. नाव 'सॉल्व्हेंट ट्रॅप', म्हणजे बंदूक साफ करताना सांडणारं द्रावण गोळा करायला. पण प्रत्येक वाटीच्या बरोबर मध्यावर बारीक खळगा. मी आधी पिंपरीत आणि मग इथे, जन्म मशीन शॉपमध्ये काढलाय. पंच मारलेली वस्तू समोर आली की ड्रिल कुठे लावायचं ते मला कुणी सांगावं लागत नाही. भोक पडलं की तो सायलेन्सर, आणि नोंदणी नसलेला सायलेन्सर म्हणजे १९३४ च्या कायद्याखाली १० वर्षांपर्यंत कैद. त्याच हेतूने बनवलेला सुटा भागसुद्धा कायद्याने सायलेन्सरच धरतात.

"यात भोक आहे का? नाही ना? मग?" इति लेक.

ही अक्कल त्याच्या बंदूकवाल्या ग्रुपची. "माझ्या सगळ्या बंदुका बोट उलटली तेव्हा बुडाल्या", हा तिथला लाडका विनोद. सरकारने विचारलं तर द्यायचं उत्तर. एटीएफचं नाव निघालं की कुणीतरी कुत्र्याचा फोटो टाकतो, कारण 'ते आले की आधी कुत्रा मारतात'. कुणी जरा भडक लिहिलं की बाकीचे म्हणणार, हा फेड (म्हणजे सरकारचा छुपा माणूस) दिसतोय. निम्मं हसण्यावारी, निम्मं मनापासून. कुठलं निम्मं, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

आधी मी व्हॉट्सअ‍ॅप युनिव्हर्सिटी म्हणून उडवून लावलं. मग वाचायला बसलो आणि पंचाईत झाली. १९९२, आयडाहो, रूबी रिज. तिथे राहणाऱ्या रँडी वीव्हरने नळी कापलेल्या शॉटगन विकल्या, त्या एटीएफच्याच खबऱ्याला. पुढे त्याच्या घराला पडलेल्या वेढ्यात कुत्रा गेला, १४ वर्षांचा मुलगा गेला, एक मार्शल (केंद्र सरकारचा पोलीस) गेला. आणि तान्ही मुलगी कडेवर घेऊन दारात उभी असलेली बायको एफबीआयच्या नेमबाजाच्या गोळीने गेली. सरकारने नंतर ३१ लाख डॉलर मोजले. पुढच्या वर्षी वेको, आमच्यापासून तीन तासांवर, तिथे एका धार्मिक पंथाच्या वस्तीला वेढा. पहिल्या छाप्यात एटीएफचे चार जण मेले, ५१ दिवसांनी आगीत पोराबाळांसह सत्तरच्या वर माणसं. बंप स्टॉक (रायफलीला लावला की भराभर गोळ्या सुटतात असा दस्ता) आधी चालेल म्हणाले, २०१८ मध्ये तीच मशीनगन ठरवली, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उडवलं. "आज कायदेशीर, उद्या गुन्हा" असं पोरगं म्हणतं तेव्हा गप्प बसावं लागतं.

ग्रुपमध्ये ओक्लाहोमा सिटीच्या बॉम्बस्फोटाचा विषय मात्र कुणी काढत नाही. १९ एप्रिल १९९५, वेकोच्या आगीला बरोबर दोन वर्षं. १६८ माणसं, त्यात १९ मुलं. बॉम्ब लावणारा मॅकव्हे वेढ्याच्या वेळी वेकोला जाऊन आला होता.

माझी खरी भीती वेगळीच आहे. त्याचे मित्र इथे जन्मलेले. त्यांना फार तर तुरुंग. आपल्या पोराला बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर वर हद्दपारी. त्याला मराठी धड वाचता येत नाही, पुण्यात उतरून करणार काय?

पार्सलचं काय करू? फेकू, परत पाठवू, की मीच एटीएफला फोन करून सांगून टाकू? आणि याच्याशी बोलू कसं? बायको म्हणते रायफलच विका.

पैलतीर: काका, त्या डब्याला हात लावू नका. पोस्टात तर अजिबात टाकू नका, नोंदणीशिवाय अशी वस्तू दुसऱ्याकडे देणं हाही गुन्हा ठरू शकतो. बंदूक कायदा आणि इमिग्रेशन दोन्ही कळणारा वकील आजच्या आज गाठा. रायफलीचं नंतर बघा.

खवट आजोबा: हेल्मेट नसताना चौकात हवालदार दिसला की गाडी गल्लीत घालणारे आपण. पोरगा तुमच्यावरच गेलाय. (ह.घ्या.)

धागाकर्ता: आजोबा, मान्य.

अपडेट: वकीलबाईंकडे जाऊन आलो. त्यांचं पहिलंच वाक्य, "एटीएफला स्वतः फोन करू नका, जे काय ते माझ्यामार्फत." पोराने माझ्याकडे असं बघितलं म्हणून सांगू! दुसरं वाक्य त्याला होतं, "फोनमधलं एक अक्षरही पुसायचं नाही, त्या ग्रुपमधलंसुद्धा." घरी येईपर्यंत गाडीत काही बोलला नाही. नागरिकत्वाचा अर्ज बाईंनी तूर्त थांबवायला सांगितलाय.