ल्युसिएन डेचा कॅलिक्स पडदा घ्यावा की सँपल कार्डं, कॅटलॉग? सल्ला हवाय

लीड्सकरीण:
नमस्कार मंडळी, मी लीड्सला असते आणि इथल्या जुन्या बाजारांतून फिरता फिरता ल्युसिएन डे या ब्रिटिश डिझायनरबाईंच्या कापडांचं पार वेड लागलंय. त्यांनी थॉमस सॉमरसेट कंपनीसाठी केलेले लिननचे दोन टी टॉवेल माझ्याकडे आहेत, त्यातला एक ब्लॅक लीफ, रोज बघितला तरी मन भरत नाही. आता एका विक्रेत्याकडे कॅलिक्सच्या, म्हणजे डे यांच्या गाजलेल्या डिझाइनच्या, पडद्याचा तुकडा आलाय, मीटरभर असेल, ऑलिव्ह रंगावर पिवळे, नारिंगी, काळे पेले आणि बारीक देठ, एका बाजूने उन्हाने रंग उडालाय. किनारीवर नाव छापलंय म्हणतो पण फोटोत काही कळत नाही. किंमत माझ्या मानाने बरीच आहे. तर हे जुनंच आहे की अलीकडे छापलेलं हे कसं ओळखायचं, आणि सगळे पैसे या एका तुकड्यात घालावेत की तेवढ्यात सँपल कार्डं, जुन्या जाहिराती, कॅटलॉग असं घ्यावं?

ताणाबाणा:
ताई, आधी किनारीचा जवळून काढलेला फोटो मागवा. कॅलिक्स काढलं लंडनच्या हील्स कंपनीने, आणि हील्सच्या कापडांच्या किनारीला डिझाइनचं, डिझायनरचं आणि कंपनीचं नाव छापलेलं सापडतं. पडदे शिवताना ती किनार दुमडून आत जाते नाहीतर कापलीच जाते, म्हणून किनार शाबूत असलेला फिका तुकडा मला बिनकिनारीच्या टवटवीत तुकड्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

मग छपाई बघा. जुनं कॅलिक्स लिननवर स्क्रीन प्रिंटने छापलेलं, प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, त्यामुळे भिंगाखाली रंग सलग दिसतो आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे कुठे एकावर एक चढलेले असतात, कुठे मधे केसाएवढी फट असते. ग्लासगो स्कूल ऑफ आर्टच्या टेक्स्टाइल सेंटरने डे यांची काही डिझाइन्स डिजिटल पद्धतीने पुन्हा छापलीत, रीतसर, आणि कापड सुंदरच आहे, पण डिजिटल छपाईत भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात. ते कापड ते म्हणूनच घ्यावं, जुन्याच्या भावात नाही.

आणि वापरलेला पडदा आहे म्हणून अजिबात कमी लेखू नका. १९५१ला लंडनच्या साउथ बँकवर फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन हे मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा रॉबिन डे म्हणजे त्यांच्या नवऱ्याने मांडलेल्या खोलीत हे कापड लावलं होतं, त्याच वर्षी मिलानच्या त्रिएनाले या डिझाइन प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं, पण मुळात हे घरोघरी खिडकीला लागावं म्हणून वारावर विकायला काढलेलं डिझाइन आहे. ऊन खाल्लेलं कॅलिक्स म्हणजे ज्या कामासाठी बनवलं ते काम केलेलं कॅलिक्स.

पैसे द्यायच्या आधी मँचेस्टरच्या व्हिटवर्थ कलादालनाला चक्कर मारा, तुम्हाला जवळ आहे आणि त्यांच्याकडे डे यांचं भरपूर काम आहे, फक्त काय बघायचंय ते आधी कळवून जा. लंडनला जाणार असाल तर २०२५ला उघडलेल्या व्ही अँड ए म्युझियमच्या ईस्ट स्टोअरहाउसमधे आधी नोंदवून वस्तू मागवून जवळून बघता येतात. एकदा अस्सल कापड डोळ्याखालून गेलं की बाजारात निम्मं काम सोपं होतं.

जर्सीवाला_दादा:
माझं मत कागदांना. इथे अमेरिकेत फुलर फॅब्रिक्सने १९५५ला मॉडर्न मास्टर म्हणून मालिका काढली होती, पिकासो, मिरो, शागाल, लेजे, द्युफी, हे सगळे चित्रकार सुती ड्रेसच्या कापडावर! त्यातलं कितीतरी कापड फ्रॉक नि स्कर्ट होऊन विरून गेलं, अखंड वार मिळाला तर नशीब, पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरचा लाइफ साप्ताहिकाचा अंक ज्यात या कापडांवर फोटोंचं फीचर होतं तो अजून परवडतो. आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटचंही तेच, शूमाकर कंपनीसाठी त्यांची तालीएसिन लाइन १९५५ला आली, कापड महाग पण हाउस ब्यूटिफुल मासिकाचा नोव्हेंबर १९५५चा राइट विशेषांक घेण्यासारखा आहे.

अजून एक, अलेक्झांडर जिरार्ड. मूळचे आर्किटेक्ट, १९५२पासून हर्मन मिलर या फर्निचर कंपनीचा कापड विभाग त्यांच्याकडे होता, ३००च्या वर डिझाइन्स. त्यांनीच १९५५ला न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममधे भारतीय कापडांचं प्रदर्शन मांडलं, पाण्याच्या हौदावर साड्या टांगल्या होत्या. त्यानंतर मोमाने काढलेलं पुस्तक मिळालं तर सोडू नका, आपल्या साड्या बघताना त्या माणसाची नजर कुठे ठरत होती ते त्यात कळतं.

पेटीतलं_पातळ:
कागद घ्या पण एक पथ्य पाळा, सँपल बुक, म्हणजे कापडाचे नमुने चिकटवलेलं पुस्तक, फाडून पानं सुटी विकणाऱ्याला उत्तेजन देऊ नका. राइटच्या शूमाकर बुकचं एकेक पान फ्रेम करून विकतात ते बघून जीव तुटतो. कुठलं डिझाइन कुठल्या रंगांत निघालं, कशाशेजारी काय ठेवलं होतं, हे पूर्ण पुस्तकातच राहतं, पानं सुटी झाली की ते कायमचं गेलं.

लीड्सकरीण:
खूप खूप आभार सगळ्यांचे! फोटो आला, किनारीवर डे आणि हील्स दोन्ही नावं वाचता येतायत. 🙂 आधी व्हिटवर्थला विचारते, मग भिंग घेऊन विक्रेत्याकडे जाते. वरच्या बाजूला जुनी पडद्याची पट्टी आणि हाताने घातलेली शिवण आहे, ती उसवून सपाट करू का? आणि धुवायचं का?

ताणाबाणा:
दोन्ही नको. पट्टी, शिवण, हुकांच्या खुणा, सगळं तसंच राहू दे, शिवणीच्या आत दुमडलेल्या भागात मूळ रंग टिकलेला असतो, तो एवढी एकच जागा सांगते. धूळ असेल तर मधे जाळीचं कापड धरून व्हॅक्युम अगदी हलका फिरवा. ठेवताना घडी घालू नका, ॲसिड-फ्री कागद गुंडाळलेल्या जाड नळीवर छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळा आणि वरून धुतलेलं बिनरंगी मलमल. भिंतीवर लावायचंच असेल तर थेट ऊन न येणारी भिंत बघा, आणि काच कापडाला टेकू देऊ नका.