हळदीतलं कर्क्युमिन कँडिडावर: डॉकिंगचा आकडा किती खरा?

एमएस्सीवाली: हळद, दारुहळदीतली संयुगं व्हिना या डॉकिंगच्या (रेणू प्रथिनात कसा बसतो ते संगणकावर अजमावण्याच्या) सॉफ्टवेअरमध्ये कँडिडा अल्बिकन्स या बुरशीच्या सीवायपी५१ या एन्झाइमवर बसवली. कर्क्युमिन उणे ९.१, बुरशीवरचं औषध फ्लुकोनाझोल उणे ७.४ (आकडा जितका जास्त उणे, तितकी पकड घट्ट). सर खूश, मला मात्र धाकधूक.

जुना खोडकर: हीम, म्हणजे एन्झाइमच्या खिशातला लोखंडवाला भाग, ठेवलंय ना? रचनेतलं पाणी काढताना तेही उडतं. मी आठवडाभर रिकाम्या खिशात डॉकिंग केलंय! फ्लुकोनाझोलसारख्या अझोल औषधांचा नायट्रोजन हीमच्या लोखंडाला धरतो, ते व्हिनाला नीट कळत नाही. शिवाय रेणू मोठा असला की आकडाही फुगतो.

एमएस्सीवाली: अरे देवा, हीम नाहीच!

बुरशीताई: मग आधी याच एन्झाइमच्या ५व्ही५झेड या प्रसिद्ध रचनेतलं इट्राकोनाझोल (तेही अझोलच) परत बसवून बघ, मूळ जागेपासून फरक २ अँगस्ट्रॉमच्या आत हवा. कर्क्युमिन तसंही चाचण्यांत खोटे होकार देण्यात बदनाम. त्यापेक्षा दारुहळदीतलं बर्बेरिन आण, प्लेटवर एमआयसी (बुरशीची वाढ रोखणारी किमान मात्रा) काढ.