सिरॅमिकची सुरी धातूची नाही, मग विमानात हँडबॅगेत चालेल का?

रानजाई:
बहिणीचं बाळंतपण आहे म्हणून चार महिन्यांसाठी तिच्याकडे चाललेय. स्वयंपाक सगळा माझ्याकडे. माझी बोटं संधिवाताने आखडतात, जड सुरी दहा मिनिटांच्या वर धरवत नाही, म्हणून १५ सेंमी पात्याची पांढरी सिरॅमिकची सुरी सोबत हवीच आहे. भाऊ म्हणतो, "धातूच नाही, तर वाजेल कशाला? खुशाल हँडबॅगेत टाक." चेक-इनला द्यायचा मला धीर होत नाही. एकदा ओट्यावरून पडली तर टोकाचा कपचा उडाला होता, आणि तिथे तर बॅगा आपटतात. कुणी नेली आहे का?

पडद्यामागचा:
ताई, हँडबॅगेत अजिबात ठेवू नका. बॅगा तपासणाऱ्या पडद्यासमोर मी अकरा वर्षं बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाऊ दोन यंत्रांची गल्लत करताहेत. आपण ज्या चौकटीतून चालत जातो ती विजेवर चालते. तिच्या चुंबकीय क्षेत्राने धातूत क्षणभर प्रवाह उठतो, तो ती टिपते. म्हणून चुंबकाला न चिकटणारं ॲल्युमिनियमही वाजतं. बॅग मात्र एक्स-रेखाली जाते, आणि वस्तूतून वीज वाहते की नाही याच्याशी एक्स-रेला काही देणंघेणं नसतं. वस्तू किती घन आणि तिचे अणू किती जड, एवढंच तो पाहतो. तुमची सुरी बहुतेक झिर्कोनियाची, म्हणजे झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडची असणार. पोलादाची घनता ७.८ च्या आसपास, हिची ६, म्हणून हाताला हलकी लागते. पण झिर्कोनियमचा अणुक्रमांक ४० आणि लोखंडाचा २६. एक्स-रे तिला चांगलाच अडतो.

पडद्यावर कपडे, कागद, खाणं नारिंगी दिसतं आणि धातू निळा. अशी सुरी मी पहिल्यांदा पाहिली ती स्वेटरच्या घडीत होती. सगळीकडे फिकट नारिंगी आणि मधोमध गडद निळं, लांबट पानासारखं पातं, कडा अगदी रेखीव. प्लॅस्टिकची मूठ जवळजवळ दिसतच नव्हती. बॅग उघडली तर सुरी पांढरीशुभ्र! त्या बाईंना ती तिथेच सोडावी लागली. निघताना त्यांनी पात्यावरून एकदा बोट फिरवलं, ते अजून आठवतं. आणि नियम धार विचारतो, पातं कशाचं आहे ते नाही.

काही कंपन्या तपासणीत सापडावी म्हणून अशा सुरीत मुद्दाम थोडा धातू घालतात, तेव्हा "वाजणार नाही" हेही गृहीत धरू नका.

धारकरी:
वरच्यांशी सहमत. आता मोडण्याचं बघू. झिर्कोनिया कठीण असतो पण लवत नाही. पोलाद वाकून सावरतं, हे सरळ तुकडा टाकतं. म्हणजे तिला आडवा दाब आणि टोकावरचा धक्का, या दोन्हींपासून जपायचं. दोन जाड पुठ्ठे पात्यापेक्षा बोटभर मोठे कापा, मध्ये पातं ठेवा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. टोकाला बुचाचा तुकडा. मग टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या मधोमध, वर-खाली कपडे. कडेला किंवा चाकांजवळ नको. बाहेरून ठळक "सुरी" लिहा. ती बॅग कुणीतरी हात घालून उघडू शकतं, त्याचा हात कापला जाऊ नये.

उनाडपाऊल:
युरोपीय संघात ६ सेंमीपर्यंतचं पातं केबिनमध्ये चालतं ना?

पडद्यामागचा:
हो, पण ताईंची १५ सेंमीची आहे. शिवाय वाटेत विमान बदलताना दुसऱ्या देशात पुन्हा तपासणी झाली, तर नियम त्या देशाचा. अगदी लहान सुरीही चेक-इनलाच द्यावी, असं माझं मत.

रानजाई:
मनापासून आभार. भावाला सगळं वाचून दाखवलं, तो आता पुठ्ठे कापतोय. धारकरी, बूच नाहीये घरी. जाड खोडरबर मधोमध चिरून टोकाला बसवलं तर चालेल?

धारकरी:
चालेल, बुचापेक्षा बरंच. फक्त चीर आधी साध्या सुरीने पाडून घ्या आणि मग टोक आत सरकवा. सिरॅमिकच्या टोकानेच रबर चिरायला जाऊ नका, पिळ बसला की तिथेच कपचा निघतो.