सोयाबीनवर हरभरा घेणे ही खरी फेरपालट आहे का?

चर्चेचा प्रस्ताव
मराठवाडा आणि विदर्भातील असंख्य शेतांत खरिपात सोयाबीन व रब्बीत हरभरा हा क्रम वर्षानुवर्षे चालू आहे, आणि पीक बदलते म्हणून आपण त्याला फेरपालट म्हणतो. माझ्या मते जमिनीतील रोगांच्या बाबतीत ती फेरपालट नाहीच. सोयाबीनच्या रोपांची मान, म्हणजे जमिनीलगतचा खोडाचा भाग, कुजवणारी स्क्लेरोशियम बुरशी हरभऱ्याचीही मान कुजवते. पावसाचा खंड पडून जमीन तापली की सोयाबीनची उभी झाडे वाळवणारी मॅक्रोफोमिना बुरशी हरभऱ्यात कोरडी मूळकूज आणते. या दोन्ही बुरशा पीक निघाल्यावरही माती आणि धसकटांत तग धरून राहतात, आणि आपण त्यांना दर हंगामात नवे खाद्य पुरवतो. म्हणून तीन वर्षांतून किमान एकदा त्या रानात खरिपात मका किंवा ज्वारी आणि पाणी असल्यास रब्बीत गहू घ्यावा, असे मी आग्रहाने मांडतो.

विरोधी मत : कोरडवाहू शेतकरी
तृणधान्यांचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा जमिनीवर राहणारा परिणाम, चांगला असतो, हे आम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही. ज्वारी सुटली ती अज्ञानामुळे नव्हे, तर रानडुकरे आणि रोही (नीलगाय) कणसे हाती लागू देत नाहीत म्हणून. आणि मक्यावर 2018 पासून नवी लष्करी अळी येऊन बसली आहे. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत रान मोकळे करते आणि उरलेल्या ओलीवर हरभरा उगवतो. हा हिशेब मोडायचा तर त्या वर्षीचे उत्पन्न कोठून आणायचे? 2024-25 मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये जाहीर झाला असतानाही बाजारात त्याहून कमी दराने माल द्यावा लागला, तरीही लोकांनी सोयाबीनच पेरले, कारण दुसरे पीक परवडत नाही. शिवाय ज्याने रान वर्षभरासाठी ठोक्याने घेतले आहे, त्याने तिसऱ्या वर्षाच्या जमिनीसाठी आज तोटा का सोसावा?

विरोधी मत : कृषी पदवीधर
माझा आक्षेप वेगळा आहे. मॅक्रोफोमिना पाचशेहून अधिक वनस्पतींवर जगते आणि ज्वारीचा खडखड्या रोग हीच बुरशी आणते, त्यामुळे ज्वारी पेरून ती उपाशी मरेल ही अपेक्षा चुकीची आहे. जमिनीत राहून मुळे खाणाऱ्या हुमणी अळीलाही ज्वारी, मका, ऊस, भुईमूग यांची मुळे सारखीच चालतात. यापेक्षा ट्रायकोडर्मा या रोगकारक बुरशांना रोखणाऱ्या उपयुक्त बुरशीची बीजप्रक्रिया, पुरेशी ओल झाल्यावरच पेरणी आणि पाणी न तुंबता ओल टिकवणारी रुंद वरंबा-सरी यांवर भर द्यावा.

प्रस्तावकाचे उत्तर
खडखड्याचा मुद्दा मान्य आहे, पण त्यातून फेरपालट निरुपयोगी ठरत नाही. कोणत्या शत्रूसाठी कोणते पीक, हे आधी ठरवावे लागते, एवढेच सिद्ध होते. अमेरिकेत 1954 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात सोयाबीनवरील पुटी सूत्रकृमी, म्हणजे मुळांवर जगणारी अतिसूक्ष्म कृमी, प्रथम आढळली. मक्यावर ती जगत नाही, म्हणून तेथे मक्याची फेरपालट तिची संख्या घटवते, जरी पुटीतील अंडी अनेक वर्षे टिकत असल्याने ती समूळ जात नाही. आपल्याकडे मानकूज हा मुख्य त्रास असेल तर तृणधान्याचा असाच उपयोग होतो, कारण स्क्लेरोशियमचा जोर प्रामुख्याने द्विदल आणि भाजीपाला पिकांवर असतो. हुमणीसाठी मात्र पहिल्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर रात्री जमणारे तिचे प्रौढ भुंगेरे गोळा करून नष्ट करावे लागतात, आणि तेही साऱ्या गावाने एकाच वेळी, कारण शेजारच्या बांधावरून ते पुन्हा येतातच.

कोरडवाहू शेतकऱ्याचे उत्तर
मग निदान एवढे तरी मान्य करा की सगळे रान एकाच वर्षी बदलणे आमच्या आवाक्यात नाही. ज्या तुकड्यात दर वर्षी रोपांची मान कुजते, तेवढ्याच तुकड्यात ज्वारी घेऊन तिची राखण करता येईल. बाकी रानात सोयाबीनच राहील.