टी पेशीच्या रिसेप्टरची पकड इतकी ढिली का असते?

परागकण
पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी प्रतिकारशास्त्र वाचताना एका मुद्द्यापाशी अडलो आहे. प्रतिपिंडे (बी पेशींनी तयार केलेली संरक्षक प्रथिने) प्रतिजनाला (जंतूच्या ओळखल्या जाणाऱ्या भागाला) बहुधा नॅनोमोलर पातळीवर, म्हणजे फार घट्ट धरतात आणि संसर्ग लांबला की त्यांची पकड आणखी पक्की होत जाते. टी पेशी या पांढऱ्या रक्तपेशीचा रिसेप्टर (पृष्ठभागावरचे ओळख पटवणारे प्रथिन) मात्र आपल्या पेप्टाइडला (प्रथिनाच्या छोट्या तुकड्याला) मायक्रोमोलर पातळीवरच, म्हणजे बरेच ढिलेपणाने धरतो आणि साधारणपणे काही सेकंदांत सोडूनही देतो. तरीही बाधित पेशीवर विषाणूची अगदी मोजकी पेप्टाइडे असली तरी टी पेशीला ती ओळखता येतात, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. मग ही पकड घट्ट का झाली नाही?

सूक्ष्मदर्शी
प्रतिपिंड आणि हा रिसेप्टर यांची घडण सारखी दिसत असली, तरी दोघांची कामे वेगळी आहेत आणि आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. प्रतिपिंड मोकळ्या प्रतिजनाला थेट धरू शकते. अल्फा आणि बीटा साखळ्यांचा नेहमीचा रिसेप्टर मात्र एमएचसी या, पेशीच्या पृष्ठभागावर पेप्टाइड मांडून दाखवणाऱ्या प्रथिनाच्या खाचेत बसवलेले पेप्टाइडच पाहतो, त्यामुळे त्याच्या पकडीतला मोठा वाटा खुद्द एमएचसीचा असतो. उंदरांवरील प्रयोगांतून ही दुहेरी ओळख 1974 मध्ये झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी दाखवली आणि त्याबद्दल त्यांना 1996 चे नोबेल मिळाले.

आता असे पाहा, की आपल्या जवळजवळ प्रत्येक केंद्रकयुक्त पेशीवर एमएचसी असते आणि त्यात बहुतेक वेळा आपल्याच प्रथिनांचे तुकडे बसलेले असतात. एमएचसीवरच रिसेप्टरची पकड घट्ट बसली, तर खाचेत कोणते पेप्टाइड आहे याला फारसा अर्थ उरणार नाही आणि टी पेशी निरोगी पेशींवरही तुटून पडेल. म्हणूनच टी पेशी जिथे परिपक्व होतात त्या थायमस ग्रंथीत स्वतःच्या पेप्टाइडांना जोरात धरणाऱ्या पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट केल्या जातात आणि एमएचसीला मुळीच न ओळखणाऱ्या पेशीही तिथेच मरतात. बी पेशींप्रमाणे पुढे जनुकांत नवी उत्परिवर्तने घडवून पकड वाढवण्याची सोय टी पेशींना नाही, कारण तसे झाले असते तर थायमसची परीक्षा न दिलेला रिसेप्टर रक्तात फिरत राहिला असता.

तळटीप
वरील उत्तरात संकेतवहनाची, म्हणजे रिसेप्टरकडून पेशीच्या आत संदेश पोहोचण्याची बाजू राहिली आहे. रिसेप्टरच्या दोन्ही साखळ्यांचे पेशीच्या आतले टोक इतके आखूड असते, की त्यांना स्वतःहून कोणताही संदेश देता येत नाही. ते काम रिसेप्टरला जोडलेली सीडी3 प्रथिने आणि झीटा साखळ्या करतात. या संकुलात आयटॅम नावाचे एकूण 10 पट्टे असतात आणि प्रत्येकात टायरोसिन हे अमिनो आम्ल दोनदा असते. लॅक हे एन्झाइम त्यांना फॉस्फेट जोडते, मग झॅप-70 हे दुसरे एन्झाइम येऊन बसते आणि साखळी पुढे सरकते.

या प्रत्येक पायरीला वेळ लागतो, हे महत्त्वाचे. पेप्टाइड लवकर सुटले तर अर्धवट झालेली फॉस्फेट-जोडणी पुसली जाते आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पेप्टाइड थोडे अधिक काळ टिकले तरच शेवटची पायरी गाठता येते. थोडक्यात, पकडीच्या वेळेतल्या लहानशा फरकाचे प्रतिसादात मोठ्या फरकात रूपांतर होते. मॅककाइथन यांनी 1995 मध्ये मांडलेले हे प्रारूप पुढे अनेकांनी सुधारले, पण गाभा तोच राहिला. शिवाय सुटलेले पेप्टाइड दुसऱ्या रिसेप्टरला मिळू शकते. मोजक्या पेप्टाइडांवर पेशी जागी होण्यामागे हेही एक कारण मानले जाते. फार घट्ट पकडीत ही सोयच राहत नाही.

परागकण
आभारी आहे, चित्र बरेच स्पष्ट झाले. पण कर्करोगाच्या उपचारांसाठी प्रयोगशाळेत घट्ट पकडीचे रिसेप्टर तयार करतात, असेही वाचले होते. वरील युक्तिवाद मान्य केला, तर ते धोक्याचे ठरत नाही का?

सूक्ष्मदर्शी
ठरते, आणि तसे घडलेही आहे. मॅज-ए3 या कर्करोगाशी निगडित प्रथिनाच्या पेप्टाइडावर पकड वाढवलेला रिसेप्टर टी पेशींत बसवून रुग्णांना दिला गेला आणि पहिल्या दोन्ही रुग्णांचा हृदयाला झालेल्या इजेमुळे मृत्यू झाला. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासात कारण कळले: हृदयस्नायूतील टायटिन प्रथिनाचा 9 अमिनो आम्लांचा एक तुकडा या पेप्टाइडासारखा होता, आणि दोघांत 5 जागांवर तीच अमिनो आम्ले होती. नेहमीच्या पेशीसंवर्धनातील चाचण्यांत हे दिसले नाही. धडधडणाऱ्या हृदयपेशींचे संवर्धन केल्यावरच ते उघड झाले.

मात्र रिसेप्टर पेशीवर नसून मोकळ्या रेणूच्या रूपात दिला, तर गणित बदलते. टेबेन्टाफस्प या औषधात पिकोमोलर पातळीपर्यंत, म्हणजे नॅनोमोलरहूनही घट्ट, पकड वाढवलेला रिसेप्टर एका टोकाला असतो आणि दुसरे टोक सीडी3 ला धरते, त्यामुळे जवळ आलेली टी पेशी कोणत्या प्रतिजनासाठी घडली होती याला महत्त्व राहत नाही. डोळ्यातील मेलॅनोमा या कर्करोगाच्या एका प्रकारासाठी अमेरिकेत त्याला 2022 मध्ये मान्यता मिळाली. तिथे घट्ट पकड उपयोगी पडते, कारण पेप्टाइडाला धरून ठेवणे एवढेच त्या टोकाचे काम असते. संकेताची वेळ मोजणारी यंत्रणा त्याच्यामागे जोडलेली नसते. टायटिनसारख्या सारख्या दिसणाऱ्या पेप्टाइडांची शोधाशोध मात्र तिथेही टाळता येत नाही.