मार्कर पाहून निवडलेलं सोयाबीन खरंच जास्त पिकेल का?

मृदगंध
सोयाबीनच्या संकरासाठी मी स्वतः चिमटा धरलाय. फूल जेमतेम ५-६ मिलिमीटरचं. ते उमलायच्या आत कळी उघडून दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. जमलं तर शेंगेत दोन-तीन दाणे. पुढच्या पिढ्यांत शेकडो झाडं वाढवायची आणि बहुतेक टाकून द्यायची. मार्कर, म्हणजे हव्या गुणाच्या जनुकाजवळची डीएनएमधली ओळखीची खूण, माहीत असेल तर पेरणीआधीच दाण्याचा बारीक कपचा काढून डीएनए तपासता येतो. अंकुर शाबूत राहतो, नको तो दाणा पेरायचाच नाही. सोयाबीनचा जनुकसंच २०१० मध्येच प्रसिद्ध झाला. आता उत्पादनासाठीही निवड मार्करवरच व्हावी. आणि हे जीएम (जनुक बदललेलं) पीक नव्हे, बाहेरचं जनुक यात घालत नाहीत.

कोरडवाहू
रोग आणि उत्पादन एकाच मापाने मोजू नका. सूत्रकृमीला, म्हणजे मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म कृमींना, रोखणारं 'आरएचजी १' हे जनुक ठराविक जागी सापडतं, तिथे मार्कर चोख चालतो. उत्पादन असंख्य जनुकांचं मिळून ठरतं, त्यात पाऊस, जमीन, पेरणीची वेळ. एका संकरात सापडलेला 'उत्पादनाचा मार्कर' दुसऱ्या संकरात कामाला येईलच असं नाही. शेवटी वजनकाट्यावरच कळतं.

मृदगंध
म्हणून तर जीनोमिक निवड आली! एकेका मार्करमागे न लागता हजारो मार्करांचा एकत्र अंदाज घ्यायचा. २००१ मध्ये मांडलेली ही पद्धत आधी गाईगुरांत रुजली.

कोरडवाहू
तो अंदाज शिकवायला आकडे कुठून आणणार? शेतातल्या चाचण्यांतूनच ना? प्रयोगशाळेसाठी चाचण्यांचे प्लॉट कमी केले, तर अंदाजच आंधळा होईल. माझा विरोध एवढ्यालाच आहे.

बीजराखण
माझी काळजी वेगळी आहे. अमेरिकेत सूत्रकृमीला प्रतिकारक असलेल्या बहुतेक वाणांत तो गुण 'पीआय ८८७८८' या एकाच स्रोतातून आला, आणि आता सूत्रकृमी त्यालाही जुमानेनासे झालेत. मार्करने निवड वेगवान होते, तसा वाणांचा पायाही झपाट्याने अरुंद होऊ शकतो.

मृदगंध
बीजराखण, हे मान्य. पण रानटी सोयाबीनमधला हवा तेवढाच तुकडा आणून बाकीच्या नकोशा गुणांचं ओझं गाळायलाही मार्करच लागतात. कोरडवाहू, प्लॉट कमी करा असं मी म्हणत नाही. आधी दाणे गाळू, मग उरलेल्यांची संतती जास्त ठिकाणी पेरू.

कोरडवाहू
तसं असेल तर चालेल. फक्त प्रथिनांवर नजर ठेवा. विसाव्या गुणसूत्रावरचा प्रथिनं वाढवणारा भाग धरला की तेल घटतं, अनेकदा उत्पादनही. गाळताना नेमकं काय टिकवायचं, ते आधी ठरवा.