मदत हवी आहे: प्रशिक्षण झालं, वही भरली, पण बगीच्यात काही उतरत नाही

नमस्कार मंडळी. मी नागपुरात नोकरीला, बगीचा काटोलकडे, फक्त रविवारी जाणं होतं. संत्र्यावरच्या डिंक्या रोगाचं (सालीतून डिंक गळतो तो) प्रशिक्षण घेतलं. शिकवणारे छान होते, समजलंही सगळं. घोडं अडलंय ते पुढे.

या रोगासाठी खोडाला लावायच्या लेपाचं, बोर्डोमलमचंच घ्या. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र करायचं आणि त्याच दिवशी खोडाला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत लावायचं. लोखंडी भांडं चालत नाही. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. हे मी झोपेतही सांगेन! पण रविवारी पोहोचतो तेव्हा चुना आणलेला नसतो, नाहीतर मजूर दुसऱ्याच्या वावरात गेलेले असतात.

दुसरं म्हणजे डबल रिंग. पाणी खोडाला लागू नये म्हणून दोन आळी करून मधल्या जागेत पाणी द्यायचं. बाबा म्हणतात, "इतकी वर्षं बुडाशीच पाणी देतो, झाडं उभी हायेत ना?" यावर काय बोलणार! (झाडं उभी आहेत, पण काहींच्या सालीतून डिंक गळतोय, तो त्यांनाही दिसतो.)

तुमच्यापैकी कोणी शिकलेलं प्रत्यक्ष बगीच्यात कसं आणलं? आधी एकच ओळ करून बाबांना दाखवावी, की सालदारालाच थेट प्रशिक्षणाला पाठवावं? आणि आठवडाभर गावात नसताना कामावर लक्ष कसं ठेवता?